ब्लाऊजला माप घेतात, मग सायकलला का नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही सायकलींवर अख्खं पान दिलंत, फोटो झकास होते, वाचता वाचता माझा चहा गार झाला. पण पान संपलं तरी मी शोधतच राहिले. कुठली कंपनी, किती गियर, डिस्क ब्रेक का साधे, वजन किती, हप्ता किती बसेल, सगळं होतं, फक्त मापाबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, कात्री लावायची तर लावा पण मापाचा भाग तेवढा ठेवा.

मी इंदूरच्या लोकमान्य नगरला राहते, वय 47, उंची पाच फूट दोन इंच. (हे सगळं पेपरात कशाला, असं सासूबाई म्हणणारच, पण पुढे लागणार आहे.) दोन वर्षांपूर्वी डोक्यात आलं की रोड बाइक घ्यायची, म्हणजे ती बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या खाली वळलेल्या हँडलची. सुपर कॉरिडॉरवर सकाळी सहाला पोरं सूं करून जाताना बघायची आणि मी आपली कॅरियरवाल्या जुन्या सायकलवर घंटी वाजवत त्यांच्या मागे. घरात म्हंटलं मला पण तशीच पाहिजे. आमचे हे म्हणाले घे, मुलगा म्हणाला आई पडशील, झालं, घ्यायचं ठरलं.

शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो, नाव लिहीत नाही, कारण दुकान बदललं तरी अनुभव तोच येतो हे नंतर बऱ्याच जणांकडून ऐकलंय. तिथल्या मुलाने मला वरपासून खालपर्यंत दोन सेकंद बघितलं आणि सांगितलं, "मॅडम, आपको मीडियम चलेगा." मी विचारलं लहान नाही का, तर म्हणे, "स्मॉल आने में टाइम लगेगा, ये बिंदास ले जाओ, सीट तो ऊपर-नीचे हो जाती है." पार्किंगमध्ये एक चक्कर मारायला दिली. मोरपंखी रंग, आठ हजार डिस्काउंट, वर बाटली आणि हेल्मेट फ्री. 62 हजार देऊन घेऊन आलो आणि पेढे पण वाटले.

पहिला आठवडा हवेतच होते. मग राऊपर्यंत जायला लागले तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या, मग दोन्ही तळहात बधिर. एका रविवारी परतताना सगळे पोह्यांच्या गाडीवर थांबलो, माझ्या हातात प्लेट दिली आणि ती धरताच येईना, निसटलीच, पोहे सेव जिरावण सगळं बुटांवर. गाडीवाले भैया बिचारे दुसरी प्लेट द्यायला लागले पण मला रडूच आलं, पोह्यांसाठी नाही हो, 62 हजारांसाठी. मान तर अशी धरायची की गाडी रिव्हर्स घेताना मागे वळून बघता येत नव्हतं.

परत दुकानात. त्यांनी हँडलला पुढे धरून ठेवणारा जो तुकडा असतो, स्टेम म्हणतात त्याला, तो 100 मिलीमीटरचा काढून 60 चा लावला, आणि सीट तिच्या खालच्या दांड्यांवर पार पुढे ढकलली, म्हणे अब पास आ गया. जवळ आलं खरं. पण सायकल चालवताना हँडल असं चळचळ करायला लागलं की शिंक आली तरी सायकल लेन बदलायची, आणि पंधरा दिवसांत गुडघा पुढून दुखायला लागला, वाटीच्या खाली. ऑर्थोकडे गेले तर ते म्हणाले वय झालं, सायकल बंद करा.

सायकल बंद केली नाही, एवढं बरं केलं. आमच्या सकाळच्या मंडळींमध्ये एक रिटायर्ड काका आहेत, जन्मभर कारखान्यात ड्रॉइंग काढली, त्यांनी एकदा माझ्या मागे मागे दोन किलोमीटर सायकल चालवली आणि थांबवून म्हणाले, ताई, तुम्ही दुसऱ्याच्या सायकलवर बसलाय. मी म्हंटलं नाही हो, माझीच आहे, बिल आहे घरी. तर म्हणे बिल तुमचं आहे, सायकल पाच फूट सातवाल्या माणसाची आहे.

तेव्हा मला एकदम बाबा आठवले. बाबा हुकुमचंद मिलमध्ये होते, 1991 ला मिल बंद पडली तोपर्यंत रोज सायकलने. त्या काळी काळी सायकल घ्यायला गेलं तरी दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारायचा, बावीस का चोवीस? म्हणजे फ्रेम बावीस इंची का चोवीस इंची. आमचे मोठे काका उंच, त्यांची चोवीसची, बाबांची बावीसची, आणि दोघं एकमेकांची सायकल घेऊन गेले की घरी येऊन कुरकुर करायचे. आणि मिस्त्री सीटचं टोक बाबांच्या काखेत लावून हात खाली लांब करायला सांगायचा, बोटांची टोकं दोन पेडलांच्या मधल्या धुऱ्याला लागली पाहिजेत, मग कोपर सीटच्या टोकाला टेकवून बघायचा बोटं हँडलपर्यंत पोचतात का. हे ढोबळच माप, आताच्या हिशोबाने कच्चं, पण घ्यायचे तरी! काही शे रुपयांच्या सायकलला माप होतं आणि आता साठ-सत्तर हजाराच्या सायकलला रंग आणि ऑफर. आमची टेलरबाई ब्लाऊज शिवायला टाकला तर दंड, छाती, कंबर, गळा पुढचा मागचा सगळं वहीत लिहून घेते, मागच्या वेळचं माप चालेल का विचारलं तर रागावते.

तर त्या रिटायर्ड काकांनी शिकवलं ते लिहिते, कारण हे घरात बसून होतं. भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभं राहायचं, पायांत साधारण सहा इंच अंतर, आणि एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांच्या मध्ये धरून वर घट्ट ओढायचं, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा, लाजायचं नाही. पुस्तकाची एक कड भिंतीला सपाट टेकलेली पाहिजे. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप. तीन वेळा घ्या आणि सरासरी काढा. माझं 72 सेंटिमीटर आलं. त्याला 0.883 ने गुणायचं, 63.6 आलं, म्हणजे दोन पेडलांच्या मधल्या धुऱ्यापासून सीटच्या वरपर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, साधारण एवढी उंची. हा 0.883 आकडा ग्रेग लेमाँडमुळे सगळीकडे पसरला, तोच अमेरिकन सायकलपटू ज्याने 1986, 1989 आणि 1990 ला टूर दि फ्रान्स जिंकली, 1989 ला तर फक्त 8 सेकंदांनी, आणि त्याला ते त्याच्या फ्रेंच कोचकडून, सिरील गिमारकडून मिळालं होतं. आकडा काही दगडावरची रेघ नाही, तिथून सुरुवात करायची आणि मग पाच-पाच मिलीमीटर वरखाली करून बघायचं.

दुकानातून सायकल आली तेव्हा माझी सीट 59 वर होती! का, तर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत म्हणून. आपल्याकडे सगळ्यांना हेच पाहिजे असतं, मला पण पाहिजे होतं, सुरक्षित वाटतं. पण सीटवर बसून पाय टेकत असतील तर सीट खाली आहे हे समजा, थांबताना सीटवरून पुढे घसरून नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहायचं असतं, आणि ते शिकायला मला दोन दिवस लागले, कॉलनीतल्या पोरांसमोर दोनदा पडले ते वेगळं. सीट खाली म्हणजे गुडघा वर येताना जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब. जास्त वर केली तर उलट, गुडघ्याच्या मागे ओढ बसते आणि मागून बघणाऱ्याला कंबर डावी-उजवी डोलताना दिसते. मुलाने दाराच्या चौकटीला हँडल टेकवून मला बसवलं, बाजूने मोबाईलवर व्हिडिओ काढला, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघ्याचा कोन मोजला. पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य, त्यातून 25 ते 35 डिग्री वाकलेला असला की ठीक. माझा जुन्या सेटिंगमध्ये 48 आला. ऑर्थोंना दाखवावा म्हणते तो व्हिडिओ.

पण सीट नीट केल्यावर दुसराच घोळ उघडा पडला, हात पोचतच नव्हते. आणि इथेच दुकानदाराचं ते वाक्य, सीट तो ऊपर-नीचे हो जाती है, किती अर्धवट आहे ते कळलं. सीट वरखाली होते हो, सायकल लांब-आखूड होत नाही. कंपन्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक साइजचा चार्ट असतो, त्यात दोन आकडे बघायचे, स्टॅक आणि रीच. दोन पेडलांच्या मधल्या धुऱ्यापासून सरळ वर, हँडलच्या नळीच्या वरच्या टोकाच्या पातळीपर्यंत किती उंची तो स्टॅक, आणि तिथून आडवं पुढे त्या टोकापर्यंत किती तो रीच. स्मॉल-मीडियम हे शब्द प्रत्येक कंपनीचे वेगळे, एकीचा स्मॉल दुसरीचा मीडियम निघतो, हे दोन आकडे मात्र कुठल्याही दोन सायकलींचे शेजारी ठेवता येतात.

माझ्या मोरपंखीचा रीच 384, आणि त्याच मॉडेलच्या 49 नंबरच्या लहान फ्रेमचा 368. मी म्हंटलं 16 मिलीमीटरने काय होतं, बोटाएवढं पण नाही. काकांनी पेन काढलं. लहान फ्रेमवर कंपनी स्टेम 100 च्या जागी 80 चा देते, 20 तिथे वाचले. हँडलचा बाक पण 10 ने जवळ. झाले 46, म्हणजे साडेचार सेंटिमीटर. हँडलची रुंदी 42 सेंटिमीटरच्या जागी 38, खांद्याच्या दोन हाडांमधलं माझं अंतर 37, म्हणजे मी आत्तापर्यंत हात फाकवून चालवत होते, मान धरणार नाही तर काय. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, 170 मिलीमीटरऐवजी 165. म्हणजे साइज लहान घेतली की नळ्यांबरोबर हे सगळं आपोआप लहान येतं, आणि मोठी घेऊन "ऍडजस्ट" करायला गेलं की एकेक पार्ट वेगळा विकत घ्यावा लागतो, तरी जमतंच असं नाही. 100 चा स्टेम 10-20 ने कमी-जास्त केला तर चालतो, 60 वर आणला की चळचळ होणारच. आणि हँडल लांब आहे म्हणून सीट पुढे ढकलायची हा तर सगळ्यात वाईट उपाय, सीटची जागा पायांच्या हिशोबाने ठरते, हातांच्या नाही.

शेवटी दुसरी सायकल घेतली. घरात काय बोलणी बसली ते लिहीत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, तेवढाच काय तो आधार मिळाला बोलायला. यावेळी दुसऱ्या दुकानात गेले आणि पर्समध्ये टेप घेऊन गेले. दुकानदार आधी हसले, मग त्यांनीच स्टूल आणून दिलं. 49 ची फ्रेम नव्हती, मागवायला पाच आठवडे लागतील म्हणाले, मी म्हंटलं थांबते. (पैठणीला थांबतो की आपण.) मॉडेल पण जरा उभं बसता येईल असं घेतलं, एन्ड्युरन्स म्हणतात, स्टॅक जास्त, रीच कमी, मला काही रेस जिंकायची नाही.

सीटचा किस्सा राहिला. सगळे सांगतात जेलवालं मऊ कव्हर टाका, मी टाकलं होतं, अर्ध्या तासाने जास्तच त्रास, कारण मऊ गादीत हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. बसायची दोन हाडं किती अंतरावर आहेत त्यावर सीटची रुंदी ठरते. ते मोजायला हापूसच्या पेटीचा पुठ्ठा स्टुलावर ठेवून त्यावर जरा पुढे वाकून बसायचं, उठल्यावर दोन खळगे दिसतात, खडूने घासलं की नीट उमटतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप. माझं 13 सेंटिमीटर, त्यात दोनेक मिळवायचे, म्हणून 155 मिलीमीटरची सीट घेतली, मध्ये खाच असलेली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून आंब्याच्या पेट्या रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मला विचारतात.

बायकांसाठी एक वेगळं सांगायचंय. दुकानात गेलं की "लेडीज सायकल उधर है मॅडम" करून गुलाबी टोपलीवाल्या सायकलींकडे पाठवतात, रोड बाइकला लेडीज-जेंट्स असं काही नसतं, माप असतं. मात्र ब्रेकच्या लिव्हरला बोटं पोचतात का ते नक्की बघा. माझी पोचत नव्हती, उतारावर दोन बोटांच्या टोकांनी ब्रेक ओढायचे, चोरलकडे घाट उतरताना जीव मुठीत असायचा, शेजारून ट्रक. बऱ्याच लिव्हरांना आतून एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते, पाच मिनिटांचं काम, पैसे लागत नाहीत, आणि मला कोणी दोन वर्षं सांगितलं नाही.

लहान फ्रेमचा एक तोटा पण सांगते, नाहीतर म्हणाल एकच बाजू लिहिली. चाक तेच 700 चं मोठं असतं, त्यामुळे अगदी हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. पहिल्यांदा लागलं तेव्हा मी घाबरले, सायकल परत करायची म्हणाले, पण वेगात हँडल एवढं वळतच नाही, फक्त गल्लीत यू-टर्न मारताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली नाहीतर मागे ठेवायचा. सवय होते.

टायर 28 मिलीमीटर रुंदीचे आहेत, फ्रेममध्ये 32 चे बसतील एवढी जागा बघून घेतली, कारण स्वच्छतेत आपण 2017 पासून देशात पुढे असलो तरी खोदलेले रस्ते काही कचऱ्यात मोजत नाहीत. हवा दुकानात 100 पीएसआय भरून देतात डोळे मिटून, माझं वजन 58 किलो, मी मागे 70 पुढे 65 ठेवते, हातांना केवढा आराम. गियरचं एवढंच की पुढे लहान चकती 34 दात्यांची आणि मागे मोठी 32 किंवा 34 दात्यांची बघा, चोरलहून परत वर चढताना कळेल का ते.

आता मुद्द्याची मागणी. दुकानदारांनी भिंतीवर एक टेप चिकटवावी, गिऱ्हाईकाच्या पायाचं आतल्या बाजूचं (ते पुस्तकवालं) माप घ्यावं आणि बिलावर फ्रेम नंबरच्या शेजारी लिहावं. चार्ट मागितला की मोबाईल पुढे न करता छापील दाखवावा, रीच-स्टॅकसकट. पार्किंगमधल्या एका चक्करला टेस्ट राईड म्हणू नये, वीस मिनिटं तरी द्या, गहाण म्हणून स्कूटरची चावी ठेवून घ्या हवं तर. डिलिव्हरीच्या आधी स्टेम एक साइज वर-खाली बदलून द्यायला त्यांना फार काही पडत नाही, जुना स्टेम त्यांच्याकडेच राहतो. आणि माप स्टॉकमध्ये नसेल तर नाही म्हणून सांगावं, आम्ही थांबू. त्या दुसऱ्या दुकानदारांनी हे सगळं केलं, त्यांच्याकडे आमच्या ग्रुपमधल्या चार जणांनी नंतर सायकली घेतल्या, म्हणजे धंद्यालाही वाईट नाही.

आणि तुम्हाला विनंती, पुढच्या वेळी पुरवणी काढाल तेव्हा एक चौकोन या मापांना द्या, पुस्तक भिंतीला कसं धरायचं त्याचं छोटं चित्र काढून. शाळकरी पोरांच्या बाबतीत तर फारच गरज आहे, "वाढत्या अंगाची" म्हणून दोन साइज मोठी घेऊन देतात आणि पोरगं वर्षभर टोकावर बसून चालवतं, आम्ही बाबांच्या बावीसवर नळीखालून पाय घालून कैंची मारायचो तसं, पण तेव्हा दुसरी सायकल घरात नव्हती.

मोरपंखी सायकल भाच्याला दिली, देवासला असतो, पाच फूट आठ. द्यायच्या आधी त्याला भिंतीला उभं केलं आणि पुस्तक दिलं, तो म्हणाला मावशी काहीतरीच काय, पण घेतलं माप, 80 आलं, सीट 70.6 वर बसवली, जुना 100 चा स्टेम परत लावला. मागच्या रविवारी तो देवासहून सायकलनेच आला, पोहे खाताना प्लेट एका हातात आणि दुसऱ्या हाताने मोबाईल.

आपली,
एक सायकलवाली वाचक
लोकमान्य नगर, इंदूर